दुसऱ्या कंपनीची अलॉय, आपली गाडी आणि मधला अडॅप्टर

शहापूर आणि मुरबाडकडचे वाचक वर्षभर जवळपास एकच प्रश्न विचारतात. ‘माझी स्विफ्ट आहे. कुर्ल्याला पोलोची चार अलॉय स्वस्तात मिळतायत. टायरवाला म्हणतो, अडॅप्टर टाकून बसवून देतो. घेऊ का?’ गाड्यांची नावे बदलतात. कुणाला इकोस्पोर्टची चाके आय-ट्वेंटीला लावायची असतात, कुणाला क्रेटाची इनोव्हाला. पण अडचण तीच असते: चाक आवडले, भाव पटला, पण ते बसेल का ते कळत नाही.

उत्तर आधीच सांगतो. अडॅप्टर हा शेवटचा पर्याय समजा. बहुतेक गाड्यांना दुसऱ्या कंपनीचे चाक अडॅप्टरशिवायही बसू शकते. ते शोधायला एक दुपार आणि एक फूटपट्टी लागते. त्यातूनही अडॅप्टरच लावायचा ठरला, तर तो कसा निवडायचा, कसा बसवून घ्यायचा आणि पुढे काय सांभाळायचे, ते नीट समजून घ्या. तुमची गाडी आठवड्यातून दोनदा कसारा किंवा माळशेज घाट चढते, पावसाळ्यात खड्ड्यांतून जाते आणि आता समृद्धीवर ताशी १२० च्या वेगानेही धावते. तिथे चाक सैल झाले, तर ‘बघू पुढे’ म्हणायला वेळ मिळत नाही.

बाजारात जाण्याआधी चार मापे लिहून घ्या

आपल्या गाडीची आणि घ्यायच्या चाकाची, दोन्हींची मापे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा.

१. भोकांची संख्या आणि पीसीडी. नटांच्या सर्व भोकांच्या मध्यांतून जाणारे एक वर्तुळ मनात काढा. त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार भोकांच्या चाकावर तो मोजणे सोपे असते. एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. पाच भोकांत अगदी समोरचे भोक नसते. तिथे एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंत मध्य ते मध्य अंतर घ्या आणि त्याला १.०५१ ने गुणा.

२. मधले भोक. गाडीच्या हबचा उंचवटा याच भोकात बसतो. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, होंडा सिटीचा ५६.१, पोलोचा ५७.१.

३. ऑफसेट. चाकाच्या मागे ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला आकडा. चाक हबवर टेकते तो पृष्ठभाग चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते यावरून कळते. आकडा जितका कमी, तितके चाक बाहेर येते.

४. नट. व्यास, आट्यांमधले अंतर आणि नट टेकतो त्या जागेचा आकार.

सगळ्यात जास्त फसगत पहिल्या मापात होते. ‘स्विफ्टचा पीसीडी १००, पोलोचाही १००, मग बसणारच’ असे खूप जण म्हणतात. बसत नाही. स्विफ्टला चार भोके, पोलोला पाच. वर्तुळ तेच असले तरी त्यावरच्या जागा वेगळ्या. जिप्सी आणि फॉर्च्युनरचेही तसेच: दोन्हींचा पीसीडी १३९.७, पण एकीला पाच भोके आणि दुसरीला सहा. म्हणून दुकानात नुसते ‘पीसीडी शंभर’ न म्हणता ‘चार भोके, शंभर’ असे सांगा.

दुसरी फसगत याहून वाईट. इकोस्पोर्टलाही चारच भोके असतात, पण पीसीडी १०८. स्विफ्टच्या १०० पेक्षा आठ मिलिमीटर जास्त, म्हणजे प्रत्येक भोक चार मिलिमीटर बाहेर. नट थोडे तिरके धरून, पान्याला पाइप लावून ओढले की चाक ‘बसल्यासारखे’ दिसते. असे चाक गाडीला लावून रस्त्यावर येऊ नका. दुकानातून बाहेर काढून गावापर्यंतसुद्धा नाही.

अडॅप्टरशिवाय काय जमते

स्विफ्ट, हुंदाई आय-ट्वेंटी आणि होंडा सिटी या तिन्ही गाड्यांना चार भोके आणि १०० पीसीडी आहे. म्हणजे हाताशी तीन कंपन्यांचा जुना माल आहे. मात्र ‘पीसीडी जुळला’ इथेच काम संपत नाही.

आय-ट्वेंटीचे चाक स्विफ्टला घ्यायचे असेल, तर मधले भोकही ५४.१ चेच, त्यामुळे हबवर ते नीट बसते. नट मात्र स्विफ्टचेच ठेवायचे, कारण स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो ती आट्यांची दांडी, गाडीचा असतो. स्विफ्टचा स्टड १२ मिलिमीटरचा आणि त्याच्या आट्यांतले अंतर १.२५. हुंदाई आणि होंडाचा स्टडही १२ चाच, पण आट्यांतले अंतर १.५. चाकाबरोबर पिशवीत फुकट आलेले नट स्विफ्टवर चढवले, तर पहिले दोन वेढे हाताने फिरतात, मग अडतात. तिथे जोर लावला की आटे खाल्ले जातात आणि स्टड बदलण्याचा खर्च उभा राहतो.

सिटीचे चाक स्विफ्टला लावताना मधल्या भोकात दोन मिलिमीटरची मोकळीक राहते. ५६.१ ते ५४.१ मापाची रिंग मिळते, ती टाका. ती दिसते अगदी किरकोळ, पण नट आवळताना चाक बरोबर मध्यावर धरायचे काम तीच करते. इथे आणखी एक गोष्ट तपासायची आहे. होंडाच्या कंपनीच्या चाकांत नट टेकतो तो खळगा गोल, वाटीसारखा असतो. मारुतीचा नट शंकूसारखा निमुळता. शंकू वाटीत ठेवला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो. आवळताना घट्ट वाटतो आणि काही दिवसांत सैल होतो. दुकानदाराने ‘चालतंय सगळं’ म्हटले, तरी नट खळग्यात ठेवून स्वतः डोळ्यांनी पाहा.

उलट, स्विफ्टचे चाक सिटीला लावायचे म्हटले तर ते हबवर चढणारच नाही, कारण भोक लहान आहे. क्रेटा आणि इनोव्हा दोघींना पाच भोके आणि ११४.३ पीसीडी आहे. इनोव्हाचा हब क्रेटाच्या हबपेक्षा लहान, म्हणून क्रेटाचे चाक रिंग टाकून इनोव्हाला बसते. इनोव्हाचे चाक क्रेटाला बसत नाही. ही दिशा लक्षात ठेवा: चाकाचे भोक हबपेक्षा मोठे असेल तर उपाय आहे, लहान असेल तर ते चाक सोडून द्या.

‘अडॅप्टर’ म्हणून दुकानात काय काय दाखवतात

- स्टड असलेली जाड चकती. खरा अडॅप्टर हाच. गाडीच्या स्टडवर नटांनी ही चकती बसते. तिच्यात वेगळ्या पीसीडीवर दाबून बसवलेले स्वतःचे स्टड असतात आणि चाक त्यांवर चढते.
- नुसता स्पेसर. चाक बाहेर आणणारी चकती. तिचा पीसीडीशी संबंध नाही.
- हलत्या कॉलरचे नट किंवा बोल्ट. फार तर एक-दोन मिलिमीटरचा फरक सांभाळतात. १०० आणि १०८ साठी उपयोगाचे नाहीत.
- चाकालाच नवी भोके. लेथवर नेऊन जुन्या भोकांच्या मध्ये दुसरी चार भोके पाडून देतात. ओतीव अलॉयमध्ये त्या जागी मुळात धातू कमी असतो. खड्ड्यात चाक आपटले की तडा तिथूनच जातो. हे काम करून घेऊ नका.

चकती घ्यायचीच ठरली, तर अॅल्युमिनियमच्या घडीव ठोकळ्यातून कापलेली घ्या. दोन पातळ पत्रे वेल्ड केलेली किंवा ओतीव खरखरीत अंगाची चकती परत करा. स्टड मागच्या बाजूने दाबून बसवलेले हवेत, नुसते आट्यांत फिरवलेले नकोत. आणि चकतीचे आतले भोक तुमच्या हबवर घट्ट बसले पाहिजे, बाहेरचा उंचवटा नव्या चाकाच्या भोकात. या दोन्ही गोष्टी जुळत नसतील, तर चाकाचा सगळा झोला नटांवर येतो.

हे मी शिकलो ते माझ्याच गाडीवर. काही वर्षांपूर्वी स्विफ्टला १०८ पीसीडीची अलॉय चकत्या टाकून बसवली होती. वासिंद ओलांडून गाडी ८० च्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरायचे. दोनदा बॅलन्सिंग केले, फरक पडला नाही. तिसऱ्यांदा मी चाक काढायला लावले आणि मागची चकती पाहिली. आतल्या चार नटांपैकी दोन बोटांनी फिरत होते. चकतीच्या भोकांच्या कडा घासून आरशासारख्या चकाकत होत्या आणि आजूबाजूला काळसर धातूची भुकटी साचली होती. चकतीचे मधले भोक हबपेक्षा मोठे होते आणि बसवणाऱ्याने रिंग टाकलीच नव्हती. बाहेरचे नट मी दर आठवड्याला तपासत होतो. आतले नट चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

जाडीचा हिशेब

‘पातळ चकती द्या, चाक जास्त बाहेर नको’ ही मागणी रास्त आहे, पण पातळ चकतीत दुसरा धोका असतो. गाडीच्या स्टडवरचा नट चकतीच्या खोबणीत पूर्ण बुडायला हवा आणि स्टडचे टोकही चकतीच्या बाहेर यायला नको. टोक बाहेर आले तर ते नव्या चाकाच्या पाठीला टेकते. मग चाक चकतीवर न बसता त्या टोकांवर बसते. म्हणून चकती साधारण २० ते २५ मिलिमीटरची लागते. ‘स्टड थोडा कापून टाकू’ असे कुणी म्हटले तर नाही म्हणा. कापलेल्या स्टडवर पुढे मूळ चाकाचा नट पुरेसा बसत नाही.

आता ऑफसेटचा हिशेब. समजा तुमच्या मूळ चाकाचा ऑफसेट ४५, नव्या चाकाचा ४० आणि चकती २५ ची. ४० मधून २५ गेले, राहिले १५. म्हणजे चाक आधीपेक्षा ३० मिलिमीटर बाहेर आले, दोन्ही बाजूंना मिळून सहा सेंटिमीटर. नवे चाक एक इंच जास्त रुंद असेल तर त्यात बाहेरच्या बाजूने आणखी सुमारे १३ मिलिमीटर मिळवा.

त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. बेअरिंगवर लांब दांडीने ओढल्यासारखा भार येतो. गाडी खड्ड्यात पडली की स्टेअरिंगला हिसका बसतो. मागे तीन माणसे आणि डिकीत तांदळाची दोन पोती असली की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. भातखाचरांकडच्या रस्त्यावरचा चिखल मडगार्डच्या बाहेरून उडून थेट दारांवर येतो. म्हणून चकत्या घेण्याआधी नव्या चाकाचा ऑफसेट जास्त आहे का ते पाहा. ४५ च्या जागी ५५ चे चाक मिळाले, तर २० ची चकती टाकूनही फरक दहाच मिलिमीटर उरतो. हा हिशेब दुकानात मोबाइलवर करा, गाडी जॅकवर चढवण्याआधी.

बसवताना गाडीजवळ उभे राहा

चहाला जाऊ नका. हे सगळे तुमच्या समोर झाले पाहिजे:

१. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करायचा. गंजाच्या पापुद्र्यावर चकती बसली, तर पापुद्रा चुरला की नट सैल.

२. चकती नट न लावता हबवर ठेवून पाहायची. डुलली, तर मापात चूक आहे.

३. सर्व नट आधी हाताने फिरवायचे. वेढे मोजा. १.२५ आट्यांचा नट टेकेपर्यंत साधारण नऊ-दहा वेढे फिरला पाहिजे, १.५ चा आठ. चार-पाच वेढ्यांतच टेकला तर स्टड अपुरा पडतो आहे. काम तिथेच थांबवा.

४. हवेच्या गनने शेवटचे आवळायचे नाही. समोरासमोरचे नट आलटून पालटून, टॉर्क रेंचने, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत. मारुतीच्या छोट्या गाड्यांना हा आकडा साधारण ८५ न्यूटन-मीटर आहे. गन त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि स्टड ताणला जातो.

५. चाक हाताने फिरवायचे, स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवायचे, मागे माणसे बसवून पुन्हा पाहायचे. ब्रेकच्या कॅलिपरला काही लागत नाही ना, याकडे कान द्या.

६. ५० ते १०० किलोमीटर झाले की परत या. चाके उतरवून आधी आतले नट तपासायचे, मग बाहेरचे. त्यानंतर हे दर सर्व्हिसिंगला करायचे.

तुमच्या टायरवाल्याकडे टॉर्क रेंच नसेल, तर अडॅप्टरचे काम त्याच्याकडे करून घेऊ नका. तो माणूस चांगला असेल, पंक्चर उत्तम काढत असेल. हे काम वेगळे आहे.

स्टेपनी विसरू नका

चकती लावल्यावर तुमची डिकीतली मूळ स्टेपनी चकतीवर बसत नाही. तिचा पीसीडी जुनाच असतो. माळशेजच्या धुक्यात रात्री पंक्चर झाले, तर आधी चाक काढायचे, मग चकती काढायची, मग स्टेपनी लावायची. चकतीच्या खोबणीतल्या नटापर्यंत गाडीबरोबर आलेला पाना पोचत नाही. लांब बारीक सॉकेट लागतो. पाचवे अलॉय घेणार नसाल, तर या तीन वस्तू डिकीत ठेवा: तो सॉकेट, मूळ नटांचा एक संच, आणि चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे. एकदा घरच्या अंगणात उजेडात हे सगळे करून पाहा, घरात गाडी चालवणारे जितके असतील त्या सर्वांनी.

टायरचा आकार

मोठ्या व्यासाचे चाक घेतले तरी टायरची एकूण उंची जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. नाहीतर मीटर चुकीचा वेग दाखवतो आणि टायर घासतो. स्विफ्टचे उदाहरण पाहा. १६५/८० आर १४ ची उंची भरते सुमारे ६२० मिलिमीटर, १८५/६५ आर १५ ची ६२१.५ आणि १९५/५५ आर १६ ची ६२१. तिन्ही जुळतात. पण सोळा इंचाच्या टायरची कड बुटकी असते आणि किन्हवली किंवा टोकावड्याच्या आतल्या रस्त्यांवर खड्ड्याचा मार ती कड नाही, अलॉय खाते. पत्र्याची डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जातो. गाडी जास्त करून गावातच फिरणार असेल, तर मी पंधराच्या पुढे जाणार नाही.

जुनी अलॉय घेताना टायर उतरवून आतली बाजू उजेडात पाहा. वेल्डिंगची रेघ, नव्या रंगाखालचा उंचवटा, कडेचा बाक दिसला तर सोडा. मागे कोरलेली भारक्षमताही वाचा. ती तुमच्या गाडीच्या एका चाकावर येणाऱ्या भरलेल्या भारापेक्षा कमी नको. नवी घेत असाल तर आयएसआय चिन्ह पाहा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार मालकाने करू नयेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत, असे म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नवे कलम १८२-अ जुन्याच्या जागी आले. कायद्याने परवानगी नसलेला बदल मालकाने केला, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर टायरचा आकार नसतो, म्हणून कुणी विचारणार नाही, असे समजू नका. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी ज्या आकाराचे चाक देते, तो आकार सर्वांत सुरक्षित. मडगार्डच्या बाहेर आलेले चाक लांबूनही दिसते. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेसला जावेच लागते, त्यामुळे अशा गाडीला अडॅप्टर लावूच नका.

विमा कंपनीला अलॉयची लेखी माहिती द्या, बिल जोडा, पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर अपघातानंतर सर्व्हेअर त्या बदलावर बोट ठेवून तुमच्या गाडीचा दावा कापू शकतो किंवा नाकारू शकतो. नकार लेखी घ्या. त्यावर विमा लोकपालाकडे एका वर्षात विनाशुल्क तक्रार करता येते. वॉरंटीतल्या गाडीचे बेअरिंग किंवा सस्पेन्शन गेले, तर शोरूमही अडॅप्टरकडेच बोट दाखवील.

काम बिघडले तर

बिल मागा आणि त्यावर ‘चार अडॅप्टर, अमुक मापाचे, बसवण्यासह’ असे लिहून घ्या. गाडीचा नंबर आणि किलोमीटरही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणेही त्यातच मोडते. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावल्याने सदोष मालाबाबतचा हा हक्क जात नाही.

आधी दुकानदाराला लेखी कळवा, चकतीचे आणि स्टडचे फोटो काढून ठेवा, तो भाग दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे टाकून देऊ नका. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथेही सुटले नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान कुर्ल्याचे असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मुदत घटनेपासून दोन वर्षे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

आणि जुन्या चार डिस्क मूळ नटांसह माळ्यावर ठेवा. टायरवाला ‘बदल्यात द्या, भाव कमी करतो’ म्हणेल. गाडी विकताना, विम्याच्या तपासणीला किंवा चकती काढून टाकायची वेळ आली की त्याच लागतात.